दोन कुलपांआडचा रेकॉर्डर

दार लोटून घ्या आणि जरा जवळ सरका. ही मोठ्यानं सांगायची गोष्ट नाही, आणि माझा आवाजही आता पूर्वीसारखा राहिलेला नाही.

ज्याच्यावर ही वेळ आली तो माझ्या चांगल्या ओळखीचा. घरोघरी कॅमेरे बसवायचा त्याचा धंदा. दिवसभर भिंतींना भोकं पाडायची आणि त्यांत खुंट्या ठोकायच्या, म्हणून आम्ही सगळे त्याला खुंटीच म्हणतो. माणूस सरळ. थापा मारायला डोकं लागतं, ते देवानं त्याला फक्त वायरिंगपुरतं दिलेलं. त्यामुळे त्यानं जे सांगितलं ते मी जसंच्या तसं तुमच्यापुढे ठेवतोय.

गेल्या वर्षी एका सोमवारी सकाळी खुंटी एका घरी मापं घ्यायला गेला. दुमजली घर. खाली थोरला भाऊ, वर धाकटा, दोघांचे संसार वेगळे. थोरला टेलर, गळ्यातली टेप तो जेवतानाही काढत नसे. धाकटा औषधांच्या दुकानात कामाला. जिना एक, खालचा पॅसेज एक, आणि पॅसेजच्या टोकाला मागचं दार, तेही सामाईक. आई होती तोवर सगळं ठीक चाललं होतं. तीन महिन्यांपूर्वी आई गेली, आणि तेव्हापासून एक विचित्र प्रकार सुरू झाला. रात्री कडी लावून बंद केलेलं मागचं दार सकाळी उघडं सापडायचं. चोरी काही नाही, मोडतोड नाही. नुसती कडी काढलेली आणि दार वीतभर किलकिलं.

थोरल्याचं म्हणणं, धाकटा रात्री कोणाला तरी घरात घेतो. धाकट्याचं म्हणणं, थोरला मुद्दाम दार उघडं टाकतो, म्हणजे वरचे कंटाळून घर सोडून जातील. दोघींनी, म्हणजे दोघांच्या बायकांनी, एकमेकींशी बोलणं टाकलं होतं. मुलांना एकत्र खेळायला बंदी. शेवटी एवढ्या एका गोष्टीवर दोघांचं एकमत झालं की कॅमेरे बसवायचे आणि सोक्षमोक्ष लावायचा.

कॅमेऱ्यांच्या जागा ठरायला दहा मिनिटं लागली. एक फाटकावर, एक जिन्यात, एक पॅसेजमध्ये, एक मागच्या दारावर. गाडं अडलं ते रेकॉर्डरपाशी. रेकॉर्डर म्हणजे चारही कॅमेऱ्यांचं चित्र साठवणारी पेटी, वहीएवढी. खुंटी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो तेच त्यानं इथंही सांगितलं. टीव्हीखाली ठेवू नका, चोर पहिला हात तिथंच घालतो. माळ्यावर नको, उन्हाळ्यात तापून बंद पडेल. जिन्याखाली नको, तिथं पाण्याची मोटर आहे, ओल येते. कपाटात कोंडून ठेवाल तर तिचा जीव गुदमरेल. हवा हवी, कोरडी जागा हवी, आणि सहज कोणाचा हात पोचता कामा नये.

कोणाचा हात, हाच तर प्रश्न होता. थोरल्याच्या शिवणाच्या खोलीत ठेवावी तर धाकटा म्हणाला, हा रात्री उठून पुसून टाकेल. वर धाकट्याच्या हॉलमध्ये ठेवावी तर थोरला नुसता हसला, आणि ते हसणं शिवीपेक्षा वाईट होतं. खुंटी सांगतो, दोघे माझ्याशी बोलत होते, पण एकमेकांकडे बघत नव्हते. ‘त्याला विचारा’, ‘त्याला सांगा’, असं मधे मला उभं करून चाललं होतं.

मग त्याचं लक्ष पॅसेजच्या मधोमध असलेल्या एका बंद दाराकडे गेलं. दाराला कुलपं दोन. एक पितळी, एक स्टीलचं. ती आईची खोली. आईच्या मागं खोलीत कोणी एकट्यानं जाऊ नये म्हणून थोरल्यानं एक कुलूप लावलं, आणि त्याचा भरवसा नाही म्हणून धाकट्यानं दुसरं. दोन्ही किल्ल्या एकत्र आल्याशिवाय दार उघडणार नाही.

खुंटी म्हणाला, मग याच्यासारखी जागा नाही.

दोघांनाही नाही म्हणायला कारण सापडेना. किल्ल्या आल्या, दार उघडलं. आत एक लाकडी पलंग, एक कपाट, एक खुर्ची, भिंतीत एक फळी. खिडकीला गज आणि गजांवर बारीक जाळी. खोली कोरडी होती. खुंटीनं फळीवर रेकॉर्डर ठेवला, शेजारी छोटा पडदा जोडला, वायरी दारावरच्या भोकातून बाहेर काढल्या. मंगळवारी संध्याकाळी सगळं चालू झालं. रेकॉर्डरचे हिरवे दिवे लुकलुकायला लागले, दोन्ही कुलपं लागली, आणि त्याला वाटलं काम संपलं.

बुधवारी सकाळी सातलाच फोन. मागचं दार उघडं.

तो गेला. किल्ल्या आल्या, खोली उघडली, तिघं पडद्यापुढे उभे राहिले. रात्रभराचं चित्र होतं, पण पावणेतीन ते सव्वातीन हा अर्धा तास गायब. पावणेतीनला दार बंद, कडी लागलेली. सव्वातीनला दार किलकिलं.

खुंटीचा पहिला संशय थोरल्यावर गेला. त्या खोलीच्या विजेचा खटका थोरल्याच्या स्वयंपाकघरात होता. खोलीत पाऊल न टाकता अर्धा तास वीज घालवायची, दार उघडायचं, खटका परत चालू करायचा, अगदी सोपं. त्याला तसं तोंडावर बोलवेना, पण धाकट्याच्या लक्षात आलंच. थोरल्याचा चेहरा पडला. तो एवढंच म्हणाला की मी रात्री साडेदहाला गोळी घेऊन झोपतो. आणि त्या गोळ्या धाकट्याच्याच दुकानातून येतात, हेही त्यानं जोडून सांगितलं.

खुंटीनं वाद वाढू दिला नाही. दुपारी त्यानं रेकॉर्डरला एक बॅटरी जोडली. आता घरभराची वीज गेली तरी रेकॉर्डर चार तास चालणार. बंद करायचा तर खोलीत शिरून बॅटरीवरचं बटणच दाबावं लागेल. पुन्हा दोन कुलपं. धाकट्यानं स्वतःचं कुलूप दोनदा ओढून पाहिलं.

गुरुवारी सकाळी दार उघडं होतं.

पावणेतीन ते सव्वातीन, कोरं.

पण या वेळी आणखी एक गोष्ट होती. रेकॉर्डरवर उशीचा अभ्रा घातलेला होता. पांढरा, चौपदरी घडीचा, कोपऱ्याला कोपरा जुळवलेला, आणि बरोब्बर दिव्यांवर येईल असा. कपाटातला होता तो. कपाटाचं दार नीट लावलेलं होतं.

खुंटी सांगतो, मी अभ्र्याकडे नाही, त्या दोघांकडे बघत होतो. तीन दिवसांत पहिल्यांदा त्या भावांनी एकमेकांकडे पाहिलं. क्षणभरच. मग दोघांनी मान वळवली. यांना काहीतरी ठाऊक आहे आणि ते आपल्यापासून लपवताहेत, असं त्याच्या मनानं घेतलं.

आणि तेवढ्यात धाकटा शांतपणे म्हणाला, “मिस्त्री, हे मशीन मोबाइलवरून बंद करता येतं ना?”

करता येतं. खुंटीनं ते जोडलेलं नव्हतं, पण येतं. म्हणजे आता संशय त्याच्यावर. अभ्र्याचं काय, असं त्यानं विचारलं. त्यावर थोरला म्हणाला की बुधवारी दुपारी बॅटरी जोडताना तुम्हीच खोलीत होता, मी पाणी आणायला गेलो होतो. तेही खरं होतं.

आता कॅमेरे बसवणाऱ्यावरच एकदा संशय आला की त्याचं काय राहतं? लोक त्याला घराचे दरवाजे, खिडक्या, कुठं कोण झोपतं, सगळं दाखवतात. एका घरानं बोट दाखवलं की दुसरं घर बोलावत नाही. खुंटी तिथंच खुर्चीवर बसला आणि म्हणाला, मी आज रात्री इथंच बसतो. बाहेरून दोन्ही कुलपं लावा. माझा फोनही ठेवून घ्या.

त्यांनी फोन ठेवून घेतला. एकानंही नको म्हटलं नाही.

गुरुवारची रात्र. सोळा तारीख. रात्री अकरा वाजता त्याला खोलीत सोडलं. थोरला म्हणाला, पलंगावर टेका की जरा. तो नको म्हणाला. का, ते त्यालाही सांगता येत नाही. खुर्ची त्यानं फळीपुढे ओढली. पलंग पाठीमागे राहिला. बाहेर एक कुलूप वाजलं, मग दुसरं.

वरचा बल्ब त्यानं चालूच ठेवला. पडद्यावर चार चौकोन. फाटक. जिना. पॅसेज. मागचं दार. बारा वाजले, एक वाजला, काही नाही. त्याला आता वेगळाच संशय यायला लागला. हे दोघे भाऊ मिळालेले तर नसतील? भांडणाचं नाटक करून आपल्याला इथं कोंडलं, आणि उद्या घरातली एखादी वस्तू गेली म्हणून आपल्याच गळ्यात अडकवली तर? आपल्या घरी निरोप ठेवून यायला हवा होता, असं वाटलं.

सव्वादोनला जिन्याच्या चौकोनात हालचाल झाली. धाकटा. अनवाणी, चोरपावलांनी खाली आला आणि तिसऱ्या पायरीवर बसला. पाच मिनिटांत पॅसेजच्या चौकोनात थोरला दिसला. स्टूल घेऊन आला, स्वयंपाकघराच्या दाराशी बसला. दोघे एकमेकांवर पाळत ठेवायला आलेले. दोघांनी एकमेकांना पाहिलं. कोणी उठलं नाही.

खुंटीला हसू आलं. भीती जरा उतरली. म्हटलं चला, आता काय ते डोळ्यांसमोर होईल.

दोन चव्वेचाळीस.

मागं पलंग कुरकुरला.

लाकूड कुरकुरतं. रात्री गारव्यानं कुरकुरतं, हे त्याला माहीत होतं. तो पडद्याकडे बघत राहिला. थोरला स्टुलावर. धाकटा पायरीवर. दोघे जागच्या जागी.

पुन्हा कुरकुरला. या वेळी हळू. पडलेलं माणूस उठून बसतं, तसा.

त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

मग जमिनीवर काहीतरी घासलं. एक पाऊल... थांबलं. दुसरं... थांबलं. म्हाताऱ्या माणसाचं चालणं. भिंतीवरून हात सरकत येत होता, कोरड्या तळव्याचा आवाज.

टक्.

बल्ब गेला.

आता उजेड फक्त पडद्याचा. त्या उजेडात त्याला स्वतःचे गुडघे दिसत होते. हात दिसत होते. पडद्याच्या काचेवर त्याचा चेहरा दिसत होता... आणि त्याच्या खांद्यामागं... त्यानं डोळे मिटले.

कानाजवळून एक बाही गेली. कापड त्याच्या कानाला लागलं. थंड नव्हतं. साधं, धुतलेलं, मऊ कापड.

टक्.

बॅटरीचं बटण.

सगळं काळं.

मग कापड झटकल्याचा आवाज... एकदाच. रेकॉर्डरवर काहीतरी ठेवलं गेलं. तळव्यानं सारखं केलं गेलं.



दार उघडल्याचा आवाज आला नाही. कुलूप वाजलं नाही. पण पॅसेजमधून, लांबून... मागच्या दाराची कडी सरकली. सावकाश. झोपलेल्यांना जाग येऊ नये म्हणून सरकवतात, तशी.

मग काही नाही.

बराच वेळ काही नाही.

मग पावलं. ही वेगळी होती. जड, दमलेली. पॅसेजमधून येत होती. दारापर्यंत आली...

आणि खोलीत होती.

पलंग वाकला. दुसऱ्यांदा वाकला. आणि एक सुस्कारा... लांब... पुरुषाचा. दिवसभर उभं राहून आलेला माणूस पाठ टेकताना सोडतो, तसा.

खुंटी सांगतो, त्या वेळी आपण इथं नसायला हवं होतं, एवढंच त्याला वाटत होतं. परक्याच्या झोपायच्या खोलीत आपण बसलोय... रात्री... न विचारता. त्याच्या तोंडून शब्द निघाले.

“मिस्त्री आहे मी. रेकॉर्डरचं काम... चालू आहे.”



फळीवरचं काहीतरी उचललं गेलं. त्याच्यापासून हातभर अंतरावर. थोडा वेळ... कोणीतरी ते हातात धरून बघत असावं. मग परत ठेवलं.

त्यानंतर किती वेळ गेला, त्याला माहीत नाही.

टक्.

पडदा उजळला. तीन चौदा. पलंग रिकामा. चादरीवर सुरकुती नाही. रेकॉर्डरवर अभ्रा, चौपदरी. पॅसेजच्या चौकोनात दोघे भाऊ आता एकत्र उभे होते. धाकट्यानं थोरल्याचा सदरा मुठीत धरला होता, लहान मूल धरतं तसा.

कुलपं काढताना किल्ली दोनदा खाली पडली. खुंटी बाहेर आला आणि भिंतीला टेकून खाली बसला. कोणी काय झालं विचारलं नाही. थोरल्यानंच सांगायला सुरुवात केली. कडी सरकलेली दोघांनी ऐकली, दार उघडताना पाहिलं. दारात कोणी नव्हतं. पण पॅसेजमधून कोणीतरी गेलं, त्या वेळी दोघांनी अंग चोरून वाट दिली. का दिली, कुणाला दिली, ते दोघांनाही सांगता येईना.

मग थोरला हळू आवाजात म्हणाला, “आम्ही दोघं इथंच होतो, मिस्त्री. हा समोर होता माझ्या.”

तीन महिन्यांत ‘आम्ही दोघं’ हे शब्द त्या घरात पहिल्यांदा उच्चारले गेले असतील.

पहाटेपर्यंत तिघं स्वयंपाकघरात बसले. तेव्हा खुंटीला कळलं की अभ्रा पाहून दोघांनी मान का वळवली होती. आईला उजेडात झोप येत नसे. घड्याळाचा चकाकणारा काटासुद्धा ती फडक्यानं झाकायची, आणि घडी अशीच घालायची. दोघांनी ओळखलं होतं. पण दुसऱ्यानंच ती घडी मुद्दाम घातली असणार, आईचं नाव घेऊन आपल्याला घाबरवण्यासाठी, असं प्रत्येकानं धरलं होतं.

आणि कडी? त्यांचे वडील छापखान्यात रात्रपाळीला होते. सव्वीस वर्षं. रात्री पावणेतीनला घरी यायचे. कडी वाजवून पोरांची झोप मोडू नये म्हणून आई आधीच उठून दार उघडं करून ठेवायची. वडील जाऊन एकोणीस वर्षं झाली. त्यानंतर आईनं कधी दार उघडून ठेवलं नाही. जिवंत असेपर्यंत तरी नाही.

कॅमेरे त्याच दिवशी उतरवले, रेकॉर्डर खुंटीनं परत नेला. दोन्ही कुलपं काढली, दार नुसतं लोटून ठेवलं. मागच्या दाराला आता रात्री कडी लावत नाहीत म्हणे. चोर आला तर काय करणार, असं खुंटीनं विचारलं होतं. धाकटा म्हणाला, येऊ दे, पावणेतीनला मात्र येऊ नये त्यानं. त्यावर थोरला थोडासा हसला.

खुंटी घरी गेला, दुपारभर झोपला, आणि उठल्यावर त्याच्या डोक्यात पुन्हा संशयाचा किडा वळवळायला लागला. दिवसाउजेडी सगळं वेगळं दिसतं. खोलीला दुसरी एखादी वाट असेल. कडीला दोरी बांधलेली असेल. भावाभावांचं पटलेलं असेल आणि आपलाच बकरा केला असेल. संध्याकाळी तो स्वतःच्या दुकानात आला तेव्हा त्याची जवळजवळ खात्री झाली होती. रेकॉर्डर पुसून पुन्हा विकायला ठेवावा म्हणून त्यानं पेटी खोक्यातून काढली आणि स्क्रू काढायला उलटी केली.

खालच्या पत्र्यावर चार बोटं उमटली होती. बाजूला अंगठा. मोठ्या हाताची, काळी, शाईची.

त्यानं फडक्यानं पुसलं. साबण लावला. रॉकेल लावलं, थिनर लावलं. मग पेटी वरच्या फळीवर टाकली आणि पुन्हा कधी विकायचा विचार केला नाही.

हे सगळं ऐकून मीही तुमच्यासारखाच हसलो होतो. गेल्या महिन्यात त्याच्या दुकानात गेलो, तेव्हा म्हटलं दाखव बघू. तो स्टुलावर चढला, पेटी काढली, उलटी करून माझ्यापुढे ठेवली, आणि स्वतः बाहेर जाऊन उभा राहिला.

वर्ष होऊन गेलं होतं. मी अंगठ्याच्या ठशावरून बोट फिरवलं.

शाई ओली होती.